जॉर्जियन भाषा कोणी शिकतंय का? 'ने' प्रत्ययवाल्यांनी जरूर डोकवा

पावसाळी_ढग
मंडळी, सध्या जॉर्जियन शिकतेय आणि घरात यावर बोलायला लागले की सगळे आपापल्या मोबाईलमध्ये घुसतात, म्हणून इथे धागा काढते. अमेरिकेतलं जॉर्जिया नाही हं, कॉकेशसमधला देश, काळ्या समुद्राला लागून, राजधानी तिबिलिसी. ते लोक स्वतःच्या देशाला साकार्त्वेलो म्हणतात आणि भाषेला कार्तुली. जॉर्जिया हे नाव बाहेरच्यांनी पाडलेलं.

नेटवर ही भाषा म्हणजे जगातली एक भयानक भाषा वगैरे लिहिलेलं असतं. त्यातलं बरंचसं इंग्रजीवाल्यांनी लिहिलंय, आणि त्यांना जे भयानक वाटतं ते आपण पाळण्यात असल्यापासून करतोय हे मला तिसऱ्या-चौथ्या धड्यातच जाणवायला लागलं. उदाहरणार्थ:

कात्सी च्याम्स वाश्ल्स = माणूस सफरचंद खातो
कात्समा च्यामा वाश्ली = माणसाने सफरचंद खाल्लं

बघा, भूतकाळ आला की कर्त्याला 'मा' लागला, म्हणजे आपला सरळसरळ 'ने'. आणि सफरचंद, जे आधी प्रत्यय लावून बसलं होतं, ते मोकळं झालं. इंग्रजी पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे, वाचकाला धीर देत देत लिहिलेलं. मी म्हटलं एवढंच ना. खाताना माणूस, खाऊन झाल्यावर माणसाने.

अजून एक मजा. आपल्याकडे तिसऱ्या पुरुषाला 'ने' लागतो, 'त्याने खाल्लं', पण 'मी खाल्लं', 'तू खाल्लंस', तिथे मी-तू तसेच राहतात. जॉर्जियनमध्येही 'मे' (मी) आणि 'शेन' (तू) यांना 'मा' लागत नाही, जसेच्या तसे. हे कळलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत हसत होते.

कोणाला माहिती असेल तर भर घाला. इतिहासाचं मला फारसं कळत नाही.

खवट_आजोबा
जागा धरून ठेवतो. पण आधी एक शंका, ही भाषा संस्कृतोद्भव नाही ना? मग 'ने' कुठून आला त्यांच्याकडे?

सोनचाफा७
आजोबा, फारसीत जॉर्जियाला गुर्जिस्तान म्हणतात. गुर्ज, गुर्जर, गुजरात. आपले गुर्जर तिकडूनच आले असं मी एका व्हिडिओत पाहिलंय, त्यात बरेच पुरावे दिले होते, लिंक शोधून देते.

शब्दयोगी
सोनचाफा, लिंक नका देऊ, प्लीज :) नावात तीन अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही, आणि 'गुर्ज' हे तर त्यांनी स्वतःला दिलेलं नावच नाही, पावसाळी ताईंनी वर लिहिलंय तसं ते स्वतःला कार्त्वेली म्हणवतात.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, संस्कृतोद्भव नाही. इंडो-युरोपियनच नाही. तुर्की नाही, सेमिटिक नाही, शेजारच्या चेचेन किंवा अब्खाझशीही सिद्ध झालेलं नातं नाही. कार्तवेली म्हणून छोटं चार भाषांचं कुटुंब आहे: जॉर्जियन, मेग्रेली, लाझ आणि स्वान. लाझ बोलणारे बहुतेक तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर राहतात, स्वान लोक पार वर डोंगरात. स्वान सगळ्यात आधी वेगळी झाली. चौघींत जुनी लेखनपरंपरा आहे ती एकट्या जॉर्जियनला, बोलणारे साधारण चाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या लोकसंख्येहून कमीच. आणि या चार घरांच्या बाहेर यांचे नातेवाईक कुठे आहेत ते शोधायला बऱ्याच जणांनी आयुष्यं घालवली. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेशी नातं लावायची हौस तर फार जुनी आहे, पण मान्य होईल असा पुरावा कोणालाही देता आला नाही.

'ने' चं म्हणाल तर हे व्याकरणातलं साम्य आहे, रक्ताचं नाही. अशी रचना बास्कमध्ये आहे, ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी आदिवासी भाषांत आहे. मराठीत ती संस्कृतच्या 'रामेण फलं खादितम्' छाप रचनेतून उतरली, जॉर्जियनमध्ये तिचा प्रवास पूर्ण वेगळा.

आणि साम्य पूर्णही नाही बरं का. 'मूल आलं' याला त्यांच्याकडेही 'मा' नाही, 'बावश्वी मोविदा'. पण 'मूल रडलं' याला 'बावश्वमा इतिरा', म्हणजे शब्दशः 'मुलाने रडलं'! मराठीत असं कोणी म्हटलं तर आपण त्याला परप्रांतीय समजू.

पावसाळी_ढग
हो हो! यावरच मी अडकले होते. आपलं गणित कर्म आहे की नाही यावर चालतं, त्यांचं फक्त तेवढ्यावर चालत नाही असं दिसतंय.

शब्दयोगी
बरोबर. रडणं, खेळणं, काम करणं, नाचणं ही क्रिया कर्ता स्वतः करतो, त्यांना 'मा'. येणं, मरणं, होणं यांना नाही. ढोबळ नियम आहे, अपवाद भरपूर. अजून तिसरा प्रकार राहिलाच: 'कात्स्स उच्यामिया वाश्ली'. यात माणसाला 'मा' पण नाही, चक्क 'ला' वाला प्रत्यय, आणि अर्थ 'माणसाने सफरचंद खाल्लेलं दिसतंय'. मी पाहिलं नाही, पण साल पडलीय टेबलावर त्यावरून म्हणतोय. म्हणजे एकच क्रियापद, काळ बदलला की कर्ता तीन वेगवेगळ्या विभक्तींत.

कांदेनवमी
मला हे सगळं डोक्यावरून जातंय पण वाचायला मजा येतेय. उच्चारांचं सांगा ना, मी ऐकलंय की जॉर्जियनमध्ये स्वरच नसतात.

पावसाळी_ढग
स्वर आहेत की, पाच, आ ए इ ओ उ, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही (शुद्धलेखनाच्या धाग्यावरच्या मंडळींनी तिकडे स्थलांतर करावं). व्यंजनांचा मात्र सुकाळ आहे. प्रसिद्ध उदाहरण आहे 'ग्व्फ्र्त्स्क्व्नी', एका दमात आठ व्यंजनं आणि मग एकुलता एक स्वर. अर्थ 'तू आम्हाला सोलतोस'. हे वाक्य आयुष्यात कोण कधी वापरत असेल देव जाणे, पाहुण्यांना घाबरवण्यासाठीच राखून ठेवलंय. पण 'म्त्स्व्र्त्नेली' म्हणजे खेळाचा कोच, हा शब्द तर क्रीडापानावर रोज येतो. आपल्या 'कार्त्स्न्य' ला इतके दिवस उगाच घाबरत होतो आपण.

खरं अवघड हे नाहीच. अवघड आहेत घशात श्वास अडवून फोडायचे उच्चार. त्यांच्याकडे प, त, क यांचे तीन-तीन प्रकार: एक आपला ब, द, ग. दुसरा फ, थ, ख च्या जवळचा, हवा सोडून. आणि तिसरा म्हणजे घसा बंद करायचा, आत दाब धरायचा आणि टप्पकन फोडायचं, फुफ्फुसातली हवा न वापरता. हा आपल्याकडे नाही. आणि घशाच्या पार खालचा एक 'क़' आहे, त्याच्यासाठी तिकडे पोरांना 'बाक़ाक़ी त्स्क़ाल्शी क़िक़िनेब्स' म्हणायला लावतात, बेडूक पाण्यात डराव डराव करतो. माझा बेडूक अजून नीट डरावत नाही.

शब्दयोगी
उच्चारात मराठी माणसाला एक गोष्ट फुकट मिळालीय ती कोणी सांगितली नाही अजून. चहातला च आणि चाकातला च. जीवातला ज आणि जांभळातला ज. जॉर्जियनमध्ये हे चारही उच्चार आहेत आणि चौघांना वेगळी अक्षरं आहेत. हिंदीवाला शेवार्दनाद्झे (सोव्हिएत काळातल्या जॉर्जियन नेत्याचं आडनाव) म्हणताना अडखळतो, आपण 'जांभूळ' मधला ज घ्यायचा आणि 'शेवार्दनाजे' म्हणून मोकळं व्हायचं. आणि इंग्रजी शिकलेले लोक 'थ' बघून जीभ दातात घालतात, ती चूक आपण करत नाही, आपल्या थाळीतला थ तिथे बराच जवळ जातो. तिबिलिसीचा पहिला उच्चार खरं तर 'थ्बिलिसी'.

खवट_आजोबा
आडनावांचा विषय निघालाच आहे तर, स्टॅलिन पण तिकडचाच ना?

जुनी_पेठ
हो आजोबा, मूळ आडनाव जुगाश्विली. 'श्विली' म्हणजे मूल आणि 'द्झे' म्हणजे मुलगा. श्विलीवाले जास्त करून पूर्वेकडचे आणि द्झेवाले पश्चिमेकडचे. 'आवा', 'इया', 'उआ' ने संपलं तर मेग्रेली आणि 'इआनी' असेल तर स्वान असण्याची शक्यता जास्त. आपण 'कर' ऐकून गाव शोधतो, ते शेपूट ऐकून प्रांत शोधतात. स्टॅलिनने तरुणपणी जॉर्जियनमध्ये कविता केल्या होत्या आणि १८९५ मध्ये 'इवेरिया' नावाच्या वर्तमानपत्रात त्या छापूनही आल्या होत्या. पुढे त्याने काय केलं ते माहितीच आहे.

भाषांच्या नात्याचा विषय वर निघाला म्हणून सांगतो, निकोलाय मार नावाचा एक विद्वान होता, जन्म कुताइसीचा, आई जॉर्जियन आणि वडील स्कॉटिश. जुन्या जॉर्जियन आणि आर्मेनियन ग्रंथांवर त्याने सुरुवातीला खरंच चांगलं काम केलं. मग डोक्यात काय शिरलं माहीत नाही, जगातल्या सगळ्या भाषा साल, बेर, योन आणि रोश या चार ध्वनींपासून निघाल्या असं म्हणायला लागला, त्याला मार्क्सवादाची फोडणी दिली, आणि सोव्हिएत युनियनमध्ये ते अधिकृत भाषाशास्त्र झालं! त्याला विरोध करणाऱ्यांचे हाल झाले. शेवटी १९५० मध्ये खुद्द स्टॅलिनने 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्रात लिहून ते मोडीत काढलं. तेव्हा सोनचाफा, व्हिडिओतले पुरावे जरा जपून.

सोनचाफा७
बरं बरं. पण मग लिपी? ती तरी आपल्या दक्षिणेतल्या लिपीसारखी दिसते की नाही? माझ्या मैत्रिणीने फोटो पाठवलेला, मला वाटलं केरळात गेलीय.

जुनी_पेठ
हे मात्र सगळ्यांचंच होतं, गोल गोल वळणं बघून मल्याळम नाहीतर सिंहली वाटते. संबंध काही नाही.

लिपीचा इतिहास मोठा आहे, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो, जमणार नाही. एकूण तीन लिप्या. सगळ्यात जुनी असोमताव्रुली, मग ९ व्या शतकात दिसायला लागते ती नुस्खुरी, आणि त्यानंतर आली म्खेद्रुली, जी आज वापरात आहे. पहिल्या दोन चर्चच्या पोथ्यांमध्ये राहिल्या आणि म्खेद्रुली दरबार, सनदा, पत्रव्यवहार यांच्यात वाढली, नावाचा अर्थच घोडेस्वारांची, शिपायांची. आपल्याकडे पोथीला बाळबोध आणि दप्तराला मोडी होती ना, त्याच धर्तीची वाटणी. फरक असा की आपल्याकडे पोथीतली जिंकली आणि तिकडे दप्तरातली. तिन्ही लिप्यांची जिवंत परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१६ मध्ये घेतली.

सगळ्यात जुने लेख ५ व्या शतकातले. एक बेथलेहेमजवळ बीर अल-कुत्त नावाच्या ठिकाणी जॉर्जियन मठाच्या मोझॅक फरशीत सापडला, म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर! देशातला प्रसिद्ध लेख बोल्निसीच्या चर्चवरचा, ५ व्या शतकाच्या शेवटाचा. लिपी कोणी काढली यावर आर्मेनियन आणि जॉर्जियन लोकांसमोर चुकूनही बोलू नका. आर्मेनियन लिपीचा कर्ता मेस्रोप माश्तोत्स, त्याचा शिष्य कोर्युन लिहून गेलाय की जॉर्जियन लिपीही आमच्या गुरूंनीच दिली. जॉर्जियन बखरीत म्हटलंय की इसवी सनाआधी ३ ऱ्या शतकात राजा पार्नावाझने काढली. राजाच्या काळातला एकही लेख सापडलेला नाही, आणि कोर्युनचं ते वाक्य मूळचंच आहे का नंतर कोणी घुसडलं यावरही वाद आहे. माझं मत विचाराल तर ख्रिस्ती धर्म आल्यावर पोथ्यांची गरज पडली आणि लिपी आली, अक्षरांचा क्रम ग्रीकच्या पावलावर आहे हे तर उघडच दिसतं.

आज ३३ अक्षरं आहेत. आधी ३८ होती, १९ व्या शतकात लेखक इलिया चावचावाद्झे आणि त्याच्या पिढीने उच्चारात न उरलेली पाच काढून टाकली. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीला हात लावायचा म्हटलं तरी केवढा गदारोळ.

कांदेनवमी
३३ अक्षरं आणि जोडाक्षर नाही, काना-मात्रा नाही?

पावसाळी_ढग
काही नाही. स्वरही स्वतंत्र अक्षर म्हणून ओळीत बसतो. एक अक्षर एक उच्चार, लिहिलंय तसं वाचायचं. कॅपिटलही नाहीत रोजच्या लेखनात. शीर्षकासाठी एक उभट मोठं वळण वापरतात, मताव्रुली, ते युनिकोडमध्ये २०१८ ला आलं. लिपी वाचायला एका आठवड्याच्या आत येते, खरंच.

मांडवीकाठ
उशिरा आलो धाग्यावर. गोव्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं आश्चर्य वाटलं. काखेती या पूर्व जॉर्जियातल्या राज्याची राणी केतेवान, इराणच्या शाह अब्बासने तिला धर्म सोड म्हणून सांगितलं, तिने नकार दिला आणि १६२४ मध्ये शिराझला हाल करून तिला मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्याला आणले आणि जुन्या गोव्यातल्या त्यांच्या मठात ठेवले. तो मठ पुढे पडला, आता एक उंच मोडका मनोरा तेवढा उभा आहे, पर्यटक फोटो काढतात आणि जातात. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तिथे हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी ते तिबिलिसीत नेऊन सुपूर्द केलं.

आता भाषेचा संबंध. तिचा मुलगा तेइमुराझ पहिला, हा राजा आणि कवी. आईच्या मरणावर त्याने काव्य लिहिलं जॉर्जियनमध्ये. आणि याच तेइमुराझने निकोलोझ इर्बाखी नावाच्या धर्मगुरूला वकील म्हणून युरोपात पाठवलं, मदत मागायला. मदत मिळाली नाही, पण इर्बाखी रोममध्ये असताना त्याच्या साहाय्याने १६२९ मध्ये जॉर्जियन-इटालियन कोश छापला गेला. जॉर्जियन भाषेतलं पहिलं छापील पुस्तक हे. म्हणजे आईची हाडं गोव्याकडे निघाली होती त्याच सुमारास मुलाच्या भाषेचे खिळे रोममध्ये पडत होते.

जुनी_पेठ
मांडवीकाठ, जबरदस्त. भारताचा धागा अजून लांब जातो. त्यांचं राष्ट्रीय काव्य 'वेप्खिस्त्क़ाओसानी', शोथा रुस्तावेलीचं, राणी तामारच्या काळातलं, १२००च्या आसपासचं. त्याचा एक नायक तारिएल हा भारतातला राजपुत्र आहे आणि नेस्तान-दारेजान ही भारताच्या राजाची मुलगी! अर्थात यातला भारत म्हणजे दूरचा कोणतातरी अद्भुत देश, आपला ओळखीचा नव्हे. त्यात जॉर्जिया मात्र कुठे नाही, कथा अरबस्तान आणि भारतात घडते.

पण माझ्या मते खरी मोठी गोष्ट 'बालावारियानी'. बुद्धाची कथा, राजपुत्र राजवाडा सोडतो ती, फिरत फिरत अरबीत गेली आणि अरबीतून जॉर्जियनमध्ये आली. तिथे तिला पहिल्यांदा ख्रिस्ती रूप मिळालं. मग ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरच्या जॉर्जियन मठात एक्वथिमे अथोनेली नावाच्या साधूने, मृत्यू १०२८, ती ग्रीकमध्ये नेली, ग्रीकमधून लॅटिनमध्ये, आणि तिथून सगळ्या युरोपात. बोधिसत्त्वचं बुदासफ, मग योदासफ, मग जोसाफत झालं आणि तो चर्चच्या संतांच्या यादीत जाऊन बसला. आपला गौतम कॅथलिक संत झाला तो जॉर्जियन भाषेच्या दारातून. पंचतंत्रही फारसीतून तिथे पोचलं, राजा वाख्तांग सहावा याने भाषांतर केलं आणि सुलखान-साबा ओर्बेलियानीने त्यावर हात फिरवला. त्याच वाख्तांगने १७०९ मध्ये तिबिलिसीत छापखाना काढला आणि १७१२ ला रुस्तावेली पहिल्यांदा छापला.

खवट_आजोबा
हे वाचून बरं वाटलं. आकडे कसे मोजतात तेवढं सांगा, मराठी आकडे नातवंडांना येत नाहीत म्हणून घरी रोज भांडण आहे.

पावसाळी_ढग
आजोबा, तुम्हाला आवडेल, ते विसावर मोजतात! वीस म्हणजे ओत्सी, चाळीस ओर्मोत्सी म्हणजे दोन विसा, साठ सामोत्सी तीन विसा, ऐंशी ओथ्ख्मोत्सी चार विसा. सत्तावन्न म्हणजे दोन विसा आणि सतरा. नव्व्याण्णव म्हणजे चार विसा आणि एकोणीस.

खवट_आजोबा
आमच्या आजी अंडी आणि आंबे असेच मोजायच्या, तीन विसा आणि वर सात. तिला तिबिलिसीच्या बाजारात सोडली असती तर भाव करून आली असती.

निळी_छत्री
नमस्कार, मी सहसा फक्त वाचते, पण मुलगी तिबिलिसीला एमबीबीएसला आहे म्हणून लिहिते. शिकवणं इंग्रजीत, पण पेशंटशी बोलायला जॉर्जियन लागते म्हणून त्यांना शिकवतात. ती म्हणते क्रियापदं संपतच नाहीत. असं का?

शब्दयोगी
ताई, कारण कोण कोणाला करतंय हे सगळं क्रियापदाच्या पोटातच असतं. 'ग्खेदाव' म्हणजे मी तुला बघतो, 'म्खेदाव' म्हणजे तू मला बघतोस. एक अक्षर बदललं की बघणारा आणि बघितला जाणारा उलटले. त्याला पुढे दिशा जोडायची: 'मिदिस' जातो, 'मोदिस' येतो, 'आदिस' वर जातो, 'शेदिस' आत जातो, 'गादिस' बाहेर जातो. शिवाय काळ.

पण तिला सांगा, मराठीत विचार कर, इंग्रजीत नको. पेशंट 'म्त्किवा' म्हणाला तर तो शब्दशः 'मला दुखतंय' आहे, इंग्रजीसारखं 'माझ्याकडे दुखणं आहे' नाही. 'मिक़्वार्खार' हा त्यांचा प्रेमाचा शब्द, त्यात सुरुवातीचा 'मि' म्हणजे मला आणि शेवटचा 'खार' म्हणजे तू आहेस. 'मला तू आवडतेस' मध्ये नाही का क्रियापद 'तू' प्रमाणे चालतं, मी नुसता 'मला' होऊन बाजूला उभा, तीच रचना. लिंगभेद तर नाहीच, तो-ती-ते सगळ्यांना एकच 'इस', तेवढी सुटका.

एक गंमत: 'माझ्याकडे आहे' साठी दोन क्रियापदं आहेत, निर्जीव वस्तूला 'माक्व्स' आणि माणूस-प्राण्याला 'म्क़ाव्स'. मोटारगाडी मात्र सजीवांच्या रांगेत बसते.

निळी_छत्री
छान समजावलंत, तिला पाठवते. अजून एक, तिची घरमालकीण मुलीला 'देदा' म्हणून हाक मारते. देदा म्हणजे आई ना? आणि वडील म्हणजे मामा, हे ऐकून माझा भाऊ फार खूश झालाय.

पावसाळी_ढग
हो, देदा आई आणि मामा वडील. ती पद्धत आहे त्यांची, आई मुलांना लाडाने 'देदा' म्हणते, आजी नातवंडांना 'बेबो', म्हणजे स्वतःचंच नातं समोरच्याला लावायचं. मुलीला म्हणावं तुम्ही त्यांना 'काल्बातोनो' आणि पुढे पहिलं नाव लावून हाक मारा, खूश होतील. हो म्हणायला 'की' चालतं, घरोब्याच्या माणसाला चक्क 'हो', आणि मोठ्यांना आदराने 'दियाख'.

जुनी_पेठ
देदावरून आठवलं, मातृभाषेला ते 'देदा एना' म्हणतात आणि १८७६ च्या याकोब गोगेबाश्विलीच्या बालवाचनाचं नावही तेच आहे, रशियन झारची सत्ता असताना पिढ्या त्यावर शिकल्या. पुढे १९७८ मध्ये सोव्हिएत सरकारने नव्या घटनेच्या मसुद्यातून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढायचा घाट घातला. १४ एप्रिलला तिबिलिसीत हजारो लोक रस्त्यावर उतरले, बरेचसे विद्यार्थी. १९५६ मध्ये त्याच शहरात निदर्शकांवर गोळ्या चालल्या होत्या, ते पाहिलेली माणसं घराघरात होती, तरी पोरं गेली. तेव्हाचे पक्षप्रमुख शेवार्दनाद्झे लोकांसमोर आले आणि कलम तसंच राहिलं. सोव्हिएत काळात असं सहसा घडत नसे. आता १४ एप्रिल हा तिथे भाषादिन असतो. निळी_छत्री ताई, मुलीला कॉलेजात त्या दिवशी काही कार्यक्रम असतो का विचारून सांगा ना.

निळी_छत्री
विचारते, सध्या परीक्षा चालू आहे तिची, रविवारी फोन येईल तेव्हा.

सोनचाफा७
मला लिपी शिकायचीय, कुठून सुरुवात करू? व्हिडिओ नकोत आता.

पावसाळी_ढग
फोनच्या सेटिंगमध्ये जॉर्जियन कीबोर्ड टाका आणि आधी स्वतःचं नाव लिहा, मग घरातल्यांची. 'ळ' आणि 'ण' मिळणार नाहीत, तिथे ल आणि न वर भागवा. क्रियापदांचे तक्ते मी करतेय, हवे असतील त्यांनी विपू (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) करा.